मेंढपाळांचा देव ते तुंबाडचा हस्तर

12 ऑक्टोबर 2018 रोजी 'तुंबाड' हा हिंदी चित्रपट प्रदर्शित झाला. भाषा हिंदी असली, तरी त्यातलं घर मराठी होतं. कोकणात न थांबता कोसळणारा पाऊस, पडका वाडा, साखळीने जखडलेली एक म्हातारी आणि ती जागी झाली तर तिला पुन्हा झोपवण्यासाठी उच्चारायचं एक नाव: हस्तर. चित्रपटात त्याची कुळकथाही येते. समृद्धीच्या देवीचं हे पहिलं अपत्य. त्याला सगळं सोनं हवं होतं आणि सगळं धान्यही. सोनं मिळालं, पण धान्याला हात घालताच बाकीचे देव त्याच्यावर तुटून पडले. आईने त्याला पोटात घेऊन वाचवलं, पण एका अटीवर: त्याची पूजा कधीही होणार नाही.

ही कथा इतकी मुरलेली वाटते की पाहणाऱ्याला ती कोकणातली जुनी दंतकथाच वाटावी. पण हस्तर कुठल्या पुराणात नाही, कुठल्या स्थळमाहात्म्यात नाही, की कोकणातल्या देवचार-वेताळांच्या पंगतीतही नाही. त्याचा जन्म अमेरिकेत झाला, आणि तो जन्मला तेव्हा कुणाला भिववत नव्हता. तो मराठी वाड्यात कसा येऊन पोचला, याचा शोध घेताना भयकथेचा सव्वाशे वर्षांचा इतिहास समोर येतो. त्याच्या मध्यभागी दोन लेखक आहेत. एक प्रॉव्हिडन्स शहरात गरिबीत मेलेला हॉवर्ड फिलिप्स लव्हक्राफ्ट, दुसरे पुण्याचे नारायण धारप.

सुरुवात अँब्रोस बिअर्सपासून होते. अमेरिकेच्या यादवी युद्धात लढलेला हा पत्रकार सॅन फ्रान्सिस्कोच्या वृत्तपत्रांत लिहीत असे. 1891 साली त्याने हैता नावाच्या एका मेंढपाळाची छोटी बोधकथा लिहिली. त्यातला हैता रोज सकाळी उठून आपल्या देवाची प्रार्थना करतो. त्या देवाचं नाव हस्तुर. हा मेंढपाळांचा सौम्य देव आहे, प्रार्थनेने प्रसन्न होणारा. आपल्याकडच्या धनगरांना बिरोबा जसा जवळचा, तशीच हैताची आणि हस्तुरची जवळीक आहे. पुढे 1913 च्या अखेरीस बिअर्स मेक्सिकोत गेला आणि नाहीसा झाला. त्याचं काय झालं हे कधीच कळलं नाही.

1895 साली रॉबर्ट चेंबर्स या लेखकाने आपल्या 'द किंग इन यलो' या कथासंग्रहासाठी हे नाव बिअर्सकडून घेतलं. त्याच्या संग्रहात हस्तुर कधी एखादी जागा वाटते, कधी एखादा तारा, आणि एका कथेत तर ते ससाणे पाळणाऱ्या साध्या नोकराचं नाव आहे. चेंबर्सने काहीच उलगडून सांगितलं नाही. जे नाटक वाचल्याने माणसं वेडी होतात, अशा एका काल्पनिक नाटकाच्या सावलीत त्याने हे नाव ठेवून दिलं. देव गेला, मागे अस्वस्थ करणारा नुसता नाद उरला.

तो नाद लव्हक्राफ्टच्या कानी पडला. लव्हक्राफ्टचा जन्म 20 ऑगस्ट 1890 चा. तो तीन वर्षांचाही नव्हता तेव्हा त्याच्या वडिलांना मनोरुग्णालयात ठेवावं लागलं, आणि 1898 मध्ये ते तिथेच वारले. 1921 साली आईचाही मृत्यू त्याच रुग्णालयात झाला. घरची श्रीमंती ओसरत गेलेली, शाळा अर्धवट सुटलेली, आजोबांच्या ग्रंथसंग्रहावर वाढलेला हा मुलगा एडगर ॲलन पोला गुरू मानत होता. पोने 1839 च्या अशर घराण्याच्या कथेत भिंतीला तडा गेलेलं घर आणि त्यात खचत जाणारं घराणं दाखवलं होतं. लव्हक्राफ्टने ते भय घराबाहेर काढून आकाशाला टेकवलं. त्याच्या कथांत माणूस हा विश्वातला एक क्षुद्र अपघात आहे. माणसाच्या कितीतरी आधी इथे कोणीतरी होतं, ते संपलेलं नाही, ते फक्त झोपलेलं आहे. त्याला माणसाचा राग नाही आणि लोभही नाही. ज्याला हे कळतं, तो वेडा होतो.

1923 मध्ये सुरू झालेल्या 'वीअर्ड टेल्स' या स्वस्त कागदावरच्या मासिकात या कथा छापून येत. फेब्रुवारी 1928 च्या अंकात आलेली 'द कॉल ऑफ थुलू' ही त्यातली सर्वांत गाजलेली. 1931 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका दीर्घकथेत त्याने भयंकर नावांची जी यादी दिली, तिच्यात हस्तुर हे नाव ओझरतं टाकलं. तो कोण, हे त्यानेही सांगितलं नाही. 15 मार्च 1937 रोजी, वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी, आतड्याच्या कर्करोगाने तो गेला. हयातीत त्याचं एकच पुस्तक निघालं होतं. त्याच्या मृत्यूनंतर ऑगस्ट डर्लेथ आणि डोनाल्ड वँड्री या दोन चाहत्यांनी 1939 मध्ये केवळ त्याच्या कथा छापायच्या म्हणून 'आर्कम हाउस' ही प्रकाशन संस्था काढली. हस्तुरला अक्राळविक्राळ प्राचीन सत्तेचं रूप दिलं ते डर्लेथने, त्याच वर्षी छापलेल्या एका कथेत. मेंढपाळांचा कनवाळू देव अशा रीतीने अर्धशतकाच्या आत राक्षस झाला.

इथे जरा थांबायला हवं, कारण लव्हक्राफ्टच्या भीतीला एक गाव आणि एक पत्ता होता. 1924 ते 1926 ही वर्षं त्याने न्यूयॉर्कमध्ये काढली. रस्त्यावर दिसणारे परदेशी, गरीब, वेगळ्या वर्णाचे लोक पाहून त्याचा संताप होई, आणि तो संताप त्याच्या पत्रांत आणि कथांत उतरला आहे. 'थुलू'च्या मध्यावर एक प्रसंग आहे. 1907 साल, लुईझियानातली दलदल. जंगलात काही लोक आपल्या प्राचीन देवापुढे नाचत आहेत. लग्रास नावाचा इन्स्पेक्टर पोलिसांची तुकडी घेऊन तिथे शिरतो, गोळ्या सुटतात, पाच उपासक मरतात, सत्तेचाळीस पकडले जातात. मिश्र वर्णाचे, अडाणी, हीन अशी विशेषणं लेखक त्यांना बिनदिक्कत लावतो. वाचकाने पोलिसांच्या खांद्यावरून त्या रानाकडे पाहावं, अशी कथेची मांडणी आहे. मारल्या गेलेल्यांचं नाव नाही, गाव नाही, त्यांच्यासाठी रडणारं कोणी नाही.

तेलंगणातल्या आदिलाबाद जिल्ह्यात, इंद्रवेल्लीत बसून हा प्रसंग वाचला, तर तो तसा वाचता येत नाही. 20 एप्रिल 1981 हा सोमवार होता, इंद्रवेल्लीच्या आठवडी बाजाराचा दिवस. गिरिजन रयतु कुली संघमने तिथे सभा बोलावली होती. मागण्या साध्या होत्या: कसत असलेल्या जमिनीचे पट्टे, सावकारांपासून आणि बाहेरून येऊन जमिनी बळकावणाऱ्यांपासून सुटका. या बाहेरून आलेल्यांत महाराष्ट्राच्या बाजूने आलेले शेतकरीही होते, हे मराठी लेखकाने स्वच्छपणे लिहिलं पाहिजे. सभेला परवानगी नाकारली गेली. खेड्यापाड्यांतून पायी आलेल्या गोंड आदिवासींवर पोलिसांनी गोळीबार केला. सरकारी आकडा 13 मृतांचा. नागरी हक्कांच्या संघटनांनी आणि स्थानिक लोकांनी तो कधी मान्य केला नाही. त्यांच्या मते मृतांची संख्या कितीतरी जास्त होती. त्यांच्या स्मरणार्थ उभारलेला स्तंभ इंद्रवेल्लीत आहे, आणि त्यानंतर पुष्कळ वर्षं 20 एप्रिलला तिथे जमण्यालाच बंदी असे.

त्याच इंद्रवेल्ली मंडलातल्या केसलापूरला नागोबाचं ठाणं आहे. पौष अमावास्येच्या आधी मेसराम कुळातले लोक गोदावरीचं पाणी आणण्यासाठी अनवाणी निघतात. ते पाणी घेऊन परतल्यावर अमावास्येच्या रात्री महापूजा होते. वर्षभरात कुळात लग्न होऊन आलेल्या सुनांची त्या रात्री देवाशी ओळख करून दिली जाते. त्याला भेटिंग म्हणतात. ही भेट झाल्यावरच सून कुळाची होते. रात्र अमावास्येची, देव सर्परूप आणि अतिप्राचीन, भोवती रान. लव्हक्राफ्टच्या भयकथेची सगळी सामग्री इथे हजर आहे, फक्त भय नाही. इथला प्राचीन देव घरच्या वडीलधाऱ्यासारखा आहे. त्याला नवी सून दाखवायची असते.

काळाचा एक योगायोगही नोंदवण्यासारखा आहे. 1940 मध्ये जोडेघाटला निजामाविरुद्ध उठलेला गोंड नेता कुमरम भीम मारला गेला. गोंडांच्या असंतोषाची कारणं समजून घ्यायला निजाम सरकारने ज्यांची मदत घेतली, ते क्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हैमेनडॉर्फ हे ऑस्ट्रियन मानववंशशास्त्रज्ञ याच डोंगरांत मार्लवाईला येऊन राहिले. केसलापूरच्या जत्रेत अधिकाऱ्यांनी आदिवासींची गाऱ्हाणी ऐकण्याचा दरबार भरू लागला तो त्यांच्याच प्रयत्नांनी. 1948 मध्ये त्यांचा 'द राज गोंड्स ऑफ आदिलाबाद' हा ग्रंथ आला. म्हणजे आर्कम हाउसमधून रानातल्या उपासकांची भीती पुस्तकरूपाने जगभर निघाली त्याच दशकात एक युरोपीय माणूस खऱ्याखुऱ्या रानातल्या उपासकांच्या शेजारी बसून त्यांचे देव, त्यांची कुळं आणि त्यांच्या मृतांच्या वाटा आदराने लिहून घेत होता. लव्हक्राफ्ट मोठा लेखक आहे आणि त्याचा प्रभाव नाकारण्यात अर्थ नाही. पण त्याच्या भयाचा मोठा हिस्सा केवळ अनोळखीपणातून आला होता, आणि तो अनोळखीपणा त्याने स्वतः जपला होता.

आता मराठीकडे वळू. मराठीला अद्भुताचं वावडं कधीच नव्हतं. 1861 मध्ये लक्ष्मणशास्त्री हळब्यांची 'मुक्तामाला' आली, 1868 मध्ये नारो सदाशिव रिसबुडांची 'मंजुघोषा'. कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी अरबी भाषेतल्या सुरस गोष्टी मराठीत आणायला घेतल्या त्याही त्याच काळात. याच सुमारास इंग्रजी शिकलेल्या तरुणांच्या हाती जी. डब्ल्यू. एम. रेनॉल्ड्सच्या जाडजूड रहस्यमय कादंबऱ्या पडल्या. इंग्लंडमध्ये ज्यांना प्रतिष्ठा नव्हती, त्या कादंबऱ्या हिंदुस्थानात अफाट वाचल्या गेल्या. हरिभाऊ आपट्यांच्या 1885 सालच्या 'मधली स्थिती'वर रेनॉल्ड्सची छाया आहे. मराठी सामाजिक कादंबरीचा पाया ज्यांनी घातला, त्यांच्या सुरुवातीच्या वाटेवरही लंडनच्या रहस्यकथांचा दिवा होता. उसनवारीची लाज वाटणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं.

पण गावोगावची भुतं या पुस्तकी परंपरेत फारशी आली नाहीत. मुंजा पिंपळावर राहतो, हडळ उलट्या पावलांची, चकवा रानात वाट चुकवतो, आसरा पाण्याकडे ओढतात, वेताळाची रात्री पालखी निघते. या सगळ्यांना नियम आहेत, जागा आहेत आणि उतारेही आहेत. कोण का भूत झालं याचं कारण गावाला ठाऊक असतं: लग्नाआधी गेलेला मुलगा, बाळंतपणात दगावलेली बाई. या भुतांच्या मागे बहुधा अन्यायाची किंवा अपुऱ्या इच्छेची गोष्ट असते. पोचं खचलेलं घर आणि लव्हक्राफ्टचं कारणाविना असलेलं भय यांपेक्षा ही भीती जातीनेच वेगळी.

विसाव्या शतकाच्या मध्याला मराठी वाचक वाढला. बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथा हजाराच्या पुढे गेल्या. अनंत अंतरकरांनी 'हंस' आणि 'मोहिनी'बरोबर 'नवल' काढलं आणि गूढ, अद्भुत, विस्मयकारक लेखनाला हक्काचं घर दिलं. अमेरिकेत 'वीअर्ड टेल्स'ने जे काम केलं, ते मराठीत 'नवल'ने आणि एकूण दिवाळी अंकांनी केलं असं मी मानतो. फरक एवढाच की दिवाळी अंक घरातल्या सगळ्यांच्या हातांतून फिरत असे. आजीपासून नातवापर्यंत सगळे तेच पान वाचत.

या वातावरणात नारायण धारप लिहू लागले. त्यांचा जन्म 27 ऑगस्ट 1925 चा. शिक्षण विज्ञान-तंत्रज्ञानाचं. त्यांनी विज्ञानकथाही लिहिल्या, त्यांतली 'नेनचीम' ही कादंबरी आजही नावाजली जाते. पण त्यांची ओळख झाली ती भयकथालेखक म्हणून. इंग्रजी भयसाहित्य त्यांनी मन लावून वाचलं होतं. त्यांच्या अनेक कथांत वाईट शक्ती हा कुणा मृताचा अतृप्त आत्मा नसतो. बाहेरच्या कुठल्यातरी मितीतून माणसाच्या जगात शिरू पाहणारं ते काहीतरी असतं, आणि त्याला आत यायला एखादी फट पुरते. ही कल्पना लव्हक्राफ्टच्या घराण्यातली आहे.

धारपांनी तिच्यात जो बदल केला, तो मात्र पूर्णपणे त्यांचा. ती फट त्यांनी मराठी मध्यमवर्गीय घरात पाडली. नोकरीत बदली झालेला गृहस्थ, त्याची बायको, एकदोन मुलं, वारशाने आलेलं किंवा स्वस्तात मिळालेलं घर. स्वयंपाकघर, माडी, माळा, अंगणातली विहीर. आधी एखादा वास, एखादं बंद राहणारं दार, मुलाच्या वागण्यात पडलेला बारीकसा फरक. धारपांची वाक्यं छोटी आणि सरळ असतात. ते घाई करत नाहीत. घर वाचकाच्या ओळखीचं झाल्याशिवाय ते त्यात काहीही येऊ देत नाहीत. लव्हक्राफ्टची विशेषणांनी लडबडलेली शैली त्यांनी साफ बाजूला ठेवली, आणि मला वाटतं, मराठी भयकथेवर त्यांचा सर्वांत मोठा उपकार हाच.

दुसरा बदल अधिक खोल आहे. लव्हक्राफ्टच्या विश्वात माणसाच्या बाजूने कोणीही नाही. धारपांच्या विश्वात 'समर्थ' आहेत. अप्पा जोशी या साध्या माणसाच्या तोंडून येणाऱ्या कथांत समर्थ संकटात सापडलेल्या कुटुंबाच्या मदतीला येतात. त्यांच्यापाशी साधना आहे, संयम आहे, आणि वाईटाशी झुंजताना स्वतःला थकवा येतो हे मान्य करण्याची नम्रता आहे. कृष्णचंद्र, जयदेव, पंत अशी इतर पात्रंही हेच काम करतात. इंग्रजीत अशा गूढ-अन्वेषकांची परंपरा विसाव्या शतकाच्या आधीपासून होती, पण ते बहुधा डॉक्टर किंवा गुप्तहेर असत. धारपांचे समर्थ महाराष्ट्राच्या गुरुपरंपरेतून आले आहेत. संतांच्या भूमीवर वाढलेल्या वाचकाला विश्व निर्दय आहे हे सांगितलं तर पटत नाही. संकट अफाट आहे, पण कोणीतरी आधार आहे, हे त्याला पटतं. भय उसनं होतं, आधार इथला होता. म्हणून हे मिश्रण टिकलं.

धारप वाचले गेले ते प्रामुख्याने वाचनालयांतून. तालुक्याच्या गावातलं सार्वजनिक ग्रंथालय, शहरातल्या गल्लीतलं मासिक वर्गणीचं वाचनालय, एसटी स्थानकावरचा पुस्तकांचा गाळा. विद्यापीठांच्या अभ्यासक्रमात त्यांना जागा नव्हती, गंभीर समीक्षेने त्यांना रंजनवादी म्हणून दाराबाहेरच ठेवलं. जी. ए. कुलकर्णींच्या कथेतल्या काळोखाबद्दल पानंच्या पानं लिहिली गेली, रत्नाकर मतकरींच्या गूढकथांची निदान रंगभूमीवरच्या कामगिरीमुळे दखल घेतली गेली. धारपांच्या वाट्याला फक्त वाचक आले. तेही असे, की अनेकांनी लहानपणी पांघरुणात वाचलेली ती पुस्तकं मोठेपणी शोधून पुन्हा विकत घेतली. औरंगाबादच्या साकेत प्रकाशनाने त्यांच्या नव्या आवृत्त्या काढल्या, त्याही याच मागणीमुळे.

त्यांच्या उसनवारीबद्दलही बोललं पाहिजे. 'लुचाई' ही त्यांची गाजलेली कादंबरी स्टीफन किंगच्या 1975 सालच्या 'सेलम्स लॉट'वर बेतलेली आहे: बदनाम घर, तिथे आलेला परका, आणि एकेक करून गिळलं जाणारं गाव. 'शपथ'चा आराखडा किंगच्याच 'इट'मधून आला आहे. इंग्रजी वाचणारी पिढी आली तशी ही नाळ उघड झाली, आणि काहींनी धारपांना नुसता रूपांतरकार ठरवलं. माझं मत वेगळं आहे. मूळ लेखकाचं ऋण पुस्तकावर स्वच्छ छापलं जायला हवं होतं, यात शंका नाही. पण किंग स्वतःही लव्हक्राफ्ट आणि ब्रॅम स्टोकरचा वारसदार आहे, लव्हक्राफ्ट पोचा, आणि हस्तुरच्या बाबतीत तर चेंबर्सने बिअर्सकडून उघडउघड नाव घेतलं. या वंशात कोणीही निव्वळ स्वयंभू नाही. धारपांना जोखायचं तर त्यांनी काय घेतलं याच्या जोडीला त्यांनी काय बदललं हेही पाहायला हवं.

हस्तुर मराठीत येण्याची वाट किंगमधूनच जाते. 1984 साली किंगची 'ग्रॅमा' ही कथा प्रसिद्ध झाली. मोठ्या भावाला अपघात झाल्यामुळे आई इस्पितळाकडे धावते, आणि अकरा वर्षांचा जॉर्ज अंथरुणाला खिळलेल्या प्रचंड, भयाण आजीजवळ एकटा उरतो. ही आजी तरुणपणी काळ्या विद्येच्या वाटेला गेलेली आहे. कथेच्या शेवटाकडे जॉर्जला सांगितलं जातं की एका नावाची शपथ घालून तिला निजायची आज्ञा कर. ते नाव हस्तुर. लव्हक्राफ्टने यादीत टाकलेलं, डर्लेथने भयंकर केलेलं नाव किंगने घरातल्या म्हातारीच्या उशाशी आणून ठेवलं. घर, मूल आणि आजी ही तर धारपांची खास जागा. त्यांनी 'ग्रॅमा'वरून मराठीत 'आजी' ही कथा लिहिली.

1993 मध्ये विदर्भातल्या नागझिरा अभयारण्यात राही अनिल बर्वे या मुलाला एका मित्राने रात्री धारपांची ही गोष्ट सांगितली. तो हादरला. पुढे त्याने छापील कथा वाचली तेव्हा तिचं मूळ किंगमध्ये असल्याचं त्याला कळलं, आणि आपल्याला भिववलं ते मित्राच्या सांगण्याने, हेही कळलं. पण ती रात्र त्याच्यातून गेली नाही. राही हा 'थँक यू मिस्टर ग्लाड'चे लेखक अनिल बर्वे यांचा मुलगा. कथालेखन त्याच्या घरातच होतं. 1997 च्या सुमारास त्याने पहिला मसुदा लिहिला. पुढे त्याचा 700 पानांचा चित्रमय आराखडा तयार झाला. एकामागून एक निर्मात्यांनी अंग काढून घेतलं. अखेर सोहम शाह निर्माता आणि नायक म्हणून उभा राहिला, 2012 मध्ये चित्रीकरण सुरू झालं, मनासारखं न झाल्याने मोठा भाग पुन्हा चित्रित झाला. आनंद गांधी आणि आदेश प्रसाद यांचा मोठा हात या चित्रपटाला लागला. नाव आलं ते श्री. ना. पेंडशांच्या 'तुंबाडचे खोत'वरून. त्या कादंबरीत मात्र भूत नाही, जगबुडी नदीकाठच्या एका खोत घराण्याचा उत्कर्ष आणि ऱ्हास आहे.

या दोन मराठी धाग्यांची गाठ बसली आणि हस्तर पुन्हा बदलला. लव्हक्राफ्टची सत्ता माणसाकडे बघतसुद्धा नाही. 'तुंबाड'मधला हस्तर भुकेला आहे. त्याच्यापाशी सोनं आहे, धान्य नाही. कणकेची बाहुली दाखवली की तो झेपावतो. गोष्ट 1918, 1933 आणि 1947 अशा तीन टप्प्यांत घडते. मोठा झालेला नायक विनायक हस्तरच्या विहिरीत उतरून त्याच्या कमरेचं सोनं ओरबाडत राहतो, आणि पाहणाऱ्याच्या लक्षात येतं की या विहिरीत उतरणारा माणूस त्या देवापेक्षा हावरा आहे. चित्रपटाची पाळंमुळं खोती, सावकारी आणि वाड्याच्या गर्वात आहेत. भय आकाशातून खाली उतरून मालमत्तेत आलं. धारपांचे समर्थ इथे नाहीत, आणि ते नसणं योग्य आहे: लोभाने आपण होऊन बोलावलेल्या संकटातून सोडवायला कोणी येऊ नये.

पहिल्या प्रदर्शनात चित्रपटाला मर्यादित यश मिळालं. छायाचित्रण, कला-दिग्दर्शन आणि ध्वनिरचना यांसाठी फिल्मफेअर पुरस्कार मिळाले. खरी गर्दी झाली ती 13 सप्टेंबर 2024 रोजी तो पुन्हा प्रदर्शित झाल्यावर. त्या फेरीतली कमाई पहिल्या फेरीपेक्षा जास्त होती. त्याच वर्षी जूनमध्ये आदित्य सरपोतदारांच्या 'मुंज्या'ने कोकणातलं भूत देशभर नेलं. त्याआधी 2018 मध्ये धारपांच्या 'ग्रहण'वरची मालिका झी मराठीवर आली होती. स्वतः धारप 18 ऑगस्ट 2008 रोजी गेले. यातलं काहीही त्यांनी पाहिलं नाही. लव्हक्राफ्टही आर्कम हाउसच्या दोन वर्षं आधी गेला होता. ज्यांना हयातीत करमणूक करणारे म्हणून बाजूला ठेवलं, त्यांचा प्रभाव अधिक चिवट ठरला, कारण तो प्राध्यापकांकडून प्राध्यापकांकडे न जाता एका घाबरलेल्या मुलाकडून दुसऱ्या मुलाकडे गेला.

या वारशाने एक काम मात्र करायचं राहून गेलं आहे. पोपासून किंगपर्यंत आणि धारपांपासून 'तुंबाड'पर्यंत भय नेहमी घराच्या मालकाच्या नजरेने सांगितलं गेलं. रान, आदिवासी आणि त्यांचा प्राचीन देव ही या परंपरेत बहुधा घाबरण्याची जागा राहिली. मराठी दूरचित्रवाणीवरच्या भयमालिकांत आजही आदिवासी पात्र दिसतं ते जादूटोणा करणारं म्हणून. हे आता थांबलं पाहिजे. लव्हक्राफ्टच्या वंशातल्या अमेरिकी लेखकांनी ही दुरुस्ती सुरू केली आहे. त्याच्या लेखनातल्या वर्णद्वेषावर उघड चर्चा झाली, आणि 2015 मध्ये जागतिक फँटसी पुरस्काराच्या व्यवस्थापनाने त्याचा अर्धपुतळा सन्मानचिन्ह म्हणून देणं बंद करण्याचा निर्णय घेतला. त्याला वाचणं कोणी सोडलं नाही, फक्त डोळे उघडे ठेवून वाचायला सुरुवात केली.

मराठी लेखकांना हे काम करण्याची संधी आपल्याच सीमेवर आहे. 1956 च्या राज्य पुनर्रचनेत आदिलाबाद जिल्ह्यातले किनवट आणि राजुरा हे भाग मुंबई राज्यात आले, उटनूर-इंद्रवेल्लीचा डोंगरी मुलूख तेव्हाच्या आंध्र प्रदेशात गेला. पण बाजारात आणि जत्रेत गोंडी, तेलुगू आणि मराठी आजही एकमेकींत मिसळून बोलल्या जातात. मार्लवाईला 1943 मध्ये गोंड शिक्षकांसाठी केंद्र निघालं तेव्हा गोंडी पाठ्यपुस्तकांसाठी देवनागरी लिपी निवडली गेली, ती मराठीशी असलेल्या या सलगीमुळेच. इथे गोंडी आणि मराठी दोन्ही जाणणारे तरुण आहेत, शिक्षक आहेत, लिहिते हात आहेत. 1981 च्या एप्रिलमध्ये इथल्या माणसांनी ज्या गोष्टीची भीती अनुभवली, तिला खाकी कपडे होते आणि हातात बंदुका होत्या. सावकाराच्या वहीतला अंगठा आणि रातोरात परक्याच्या नावावर चढलेली जमीन यांतलं भय मराठी भयकथेने अजून लिहिलेलं नाही. दिवाळी अंकांच्या संपादकांना माझी विनंती आहे: पुढच्या वर्षी भयकथा मागवाल तेव्हा एक पत्र इंद्रवेल्ली, उटनूर, किनवटच्या लेखकांनाही पाठवा, आणि त्यांची कथा त्यांच्याच बाजूने छापा.